देखभालीच्या तक्त्यातलं नाव

यमुनाबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन शलाकाच्या संमतीवाचून अडलं होतं. निरोप मिळताच ती सांगलीच्या इस्पितळात आली, पण घटस्फोटानंतरही पूर्वीच्या सासूबाईंच्या कागदांवर आपलं नाव कसं, हे तिला कळेना.

"लग्नाची नोंद झाली की देखभालीच्या तक्त्यात सुनेचं नाव आपोआप भरलं जातं," खाटेशी उभे असलेले कारकून म्हणाले. "घटस्फोटानंतर ते काढायचं, हे यंत्रणेला कुणी सांगितलेलंच नाही. काढून टाकू का?"

"मग संमती कोण देणार? यांचा मुलगा?"

"त्यांनी स्वतःचं नाव मागेच काढून घेतलंय. आता सरकारी समिती देईल, पण वेळ लागेल."

"काढायला सांग, शलाका," यमुनाबाई म्हणाल्या. "तुझ्यावर माझा काही हक्क नाही आता."

शलाकाने संमतीचा अंगठा टेकवला. "नाव राहू द्या," ती कारकुनांना म्हणाली, "फक्त 'सून'च्या जागी 'मैत्रीण' करा."

त्यांनी बदल केला, आणि शलाकाच्या मनगटावरच्या पडद्यावर नवी ओळ उमटली. मैत्रीची नोंद यंत्रणा दोन्ही बाजूंनी भरत असे. शलाका आजारी पडली, तर यापुढे तिची देखभाल यमुनाबाई करणार होत्या.

यमुनाबाईंनी चष्मा मागून घेतला आणि ती ओळ वाचली.

"म्हणजे मला बरं व्हायलाच हवं," त्या म्हणाल्या.