चौकीत जायची साडी

"चौकीत जायचंय, जुनीच साडी नेसा," मंजाक्कांनी आपल्या चेल्यांना बजावलं. "बांगड्या, कानातलं काढून ठेवा. आणि पोटभर जेवून घ्या."

चौकीच्या नव्या फौजदार मॅडमनी सगळ्या तृतीयपंथीयांना संध्याकाळी बोलावलंय, एवढंच हवालदार दारातून सांगून गेला होता. कशाला, ते मंजाक्कांनी विचारलं नाही. चौकीचं बोलावणं म्हणजे काय, ते त्यांची पाठ जाणून होती.

चौकीच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरली होती. टेबलावर तिळगूळ, वाणाचे डबे, हळदीकुंकवाच्या वाट्या. महिला शिपाई काठापदराच्या साड्या नेसून, गजरे माळून बसल्या होत्या. विटक्या साड्यांतल्या चेल्या दारातच खिळल्या. मंजाक्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हळदीकुंकवाला जन्मात पहिल्यांदा कुणी बोलावलं होतं, आणि त्या आल्या होत्या या अवतारात.

मॅडमनी त्यांच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं, मग हवालदाराकडे.

"काय सांगितलंत यांना?"

"संध्याकाळी चौकीत या म्हटलं, मॅडम."

मॅडमनी हातातली कुंकवाची वाटी झाकून ठेवली. "मंजाक्का, चूक आमची. घरी जाऊन निवांत तयार होऊन या. तुम्ही आल्याशिवाय इथे कुणालाच कुंकू लागणार नाही."

मंजाक्का वळल्या. फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी कनवटीची किल्ली काढून धाकट्या चेलीच्या हातात दिली.

"पुढे जाऊन ट्रंक उघड," त्या म्हणाल्या. "चौकीत जायचंय, ठेवणीतल्या साड्या काढ."