भर रस्त्यातलं बारसं

धारवाडला जाणारी बस गावच्या फाट्यावर कधी थांबायचीच नाही. “मूठभर माणसांसाठी स्टॉप कशाला?” कंडक्टर दारातून ओरडायचा. गेल्या महिन्यात तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन दीपश्रीनं हात केला, तर धुरळा तेवढा अंगावर आला. आज साऱ्या बायकांनी भर रस्त्यात बारशाचा पाळणा मांडला. बस करकचून थांबली. कंडक्टर धावत आला. “अक्का, लेकराला रस्त्यात ठेवता? वेड लागलंय का?”  पदराआडचं लेकरू दाखवून दीपश्रीनं पाळण्यातलं दुपटं बाजूला सारलं. “बारशाला आधी वरवंटा झोपवतात, अण्णा.” बायका खदखदून हसल्या. “नाव काय ठेवलं?” खजील होऊन त्यानं विचारलं. “ठेवलं नाही अजून. बस रोज थांबायला लागली की ठेवू. तोवर रोज इथंच बारसं. माणसं मूठभर असतील, पण वरवंटा घरटी आहे.”