हँडलची पूजा

शर्यतीच्या दिवशी सकाळीच ट्रॅकवर ऋजुताच्या मोटारसायकलला नवे हँडल आणि नवे ब्रेक बसले. दस्तगीर मिस्त्री हात धुऊन येतो तोवर वत्सलाआत्याने हँडलला हळदकुंकू वाहिले आणि दोन्ही मुठी घट्ट धरून डोके टेकवले.

"आत्याबाई, काय केलंत हे!" दस्तगीर ओरडला. "ह्या ब्रेकला लिव्हर नाही. पहिल्यांदा धरेल त्याच्या नसा तो ओळखून ठेवतो, आणि त्याच्या मनात आलं की लागतो. आता गाडी तुमची झाली."

"मग काढून घे की माझ्याकडून!"

"तुम्ही एक फेरी मारल्याशिवाय ती दुसऱ्याची होत नाही."

ऋजुता रडकुंडीला आली. शर्यत दुपारी होती. आत्या ह्याच ट्रॅकवर तारेच्या ब्रेकची गाडी पळवायची, पण त्याला चाळीस वर्षे झाली होती. तिने साडीवरच भाचीचे जाकीट चढवले आणि हेल्मेट मागितले.

पहिले वळण बघून ती घाबरली आणि गाडी जागीच थबकली. दुसऱ्या वळणावरही तेच झाले, तेव्हा तिला उमगले. तिसऱ्या वळणाला तिने नजर पलीकडच्या सरळ रस्त्यावर ठेवली आणि गाडी अलगद वळली.

फेरी संपली, हँडल मोकळे झाले.

"आत्या, सोड आता."

"सोडते गं, आधी ऐक. हा ब्रेक भीतीनंसुद्धा लागतो. वळणाकडं बघूच नकोस, ते संपतं तिथं बघ."

मग तिने भाचीचे हात स्वतः उचलून हँडलवर ठेवले.