कंपनीतली खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या सांजेला जगदेव रेल्वे कंपनीच्या चाळीत, आपल्या खोलीच्या पायरीवर तोंड पाडून बसला होता. शेजारी पितळी वाटीत लोणी, हळद अन् पळसाची पानं. हे गाठोड्यात बांधून आज सकाळीच गावी, केनवडला निघायचं, असं त्यानं कधीचं ठरवलं होतं. पण मुकादम दौलतरावानं रजा दिली नाही. पावसानं पुलाजवळची खडी वाहून गेली होती, अन् उद्या गोरा सायब ट्रॉलीवरून रूळ पाहायला येणार होता. कंपनीत पोळा नसतो, एवढं बोलून मुकादम चालता झाला.

केनवडात थोरला भाऊ जानराव होता, अन् पाखऱ्या बैल होता. पाखऱ्याला जगदेवनं लहानाचा मोठा केला होता. पोळ्याच्या आदल्या सांजेच्या खांदशेकणीला त्याचा खांदा शेकायचा मान जगदेवचाच. पळसाचं पान गरम पाण्यात बुडवून खांद्याला लावलं, की ते जित्राब कसं डोळे मिटून मान सैल सोडायचं! आता बैल पार थकला होता. पुढचा पोळा काही त्याला दिसायचा नाही, असा जानरावाचा निरोपच होता.

नोकरी सोडा, असं चतुराबाई नवऱ्याला म्हणाली नाही. म्हणणार तरी कशी? याच कंपनीच्या डाक्टरनं गेल्या साली पोरीला तापातून ओढून काढलं होतं. डोक्यावर छप्पर होतं, तेही न गळणारं. केनवडात पाऊस आला की रातभर घरात भांडी मांडत बसावं लागे. कंपनीला शिव्या द्यायला बसलं तर जीभ अडखळायची, अन् दुवा द्यायला बसलं तरी तेच.

तिनं चुलीवरचं गरम पाणी आणून पायरीवर ठेवलं.

"सदरा काढा. लोनी वाया कायले घालवाचं?"

रूळ वाहून वाहून जगदेवच्या उजव्या खांद्याला चांगला घट्टा पडला होता. चतुराबाईनं त्यावर ऊन पान दाबलं, मग हळद-लोणी चोळायला लागली. थट्टेनंच सुरुवात केली होती तिनं, अन् त्यालाही हसू आलं होतं. पण हळूहळू त्याचे डोळे मिटले, मान सैल पडली. ते पाहून तिनं चोळणारा हात हळू केला. तरी रीत पुरी करायची म्हणून ती त्याच्या कानाशी वाकली, बैलाला म्हणतात तसं म्हणाली,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

जगदेवनं डोळे उघडले नाहीत.

"उद्या पाखऱ्याच्या खांद्यावर जू नसते, चतुरे. माह्या खांद्यावर रूळ असन."

तिनं आणखी एक पान गरम पाण्यात बुडवलं.