दोन डाव्या बाह्या

म्हाताऱ्या शिंप्याने दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. दोन्ही डाव्या हाताच्याच होत्या.

एरवी कापड दुमडून तो दोन्ही बाह्या एकदम कापायचा. जोडी आपोआप जमायची. पण कोटाचं हे कापड तोकडं, म्हणून एकेक कापली, आणि दुसऱ्या वेळी कागदी नमुना पालथा घालायचा राहून गेला. गेल्याच महिन्यात एका सदऱ्याची कॉलर बिघडली, तेव्हा मुलाने आवाज न चढवता सांगितलं होतं की यापुढे एक जरी कापड वाया गेलं, तर बाबांनी कात्री खाली ठेवायची आणि काजं-बटणं करत बसायचं.

"दोन्ही डाव्या झाल्या गं," तो टेबलाखाली खेळणाऱ्या नातीला म्हणाला. "आता गेली माझी कात्री."

नात पाच वर्षांची. घरात तिला भिंगरी म्हणत. तिच्या पोटात काही म्हणजे काही राहत नसे. मागे एक गिऱ्हाईक तगाद्याला आलं, तेव्हा आजोबांनी तिला पढवून दारात पाठवलं, आणि तिने जाऊन सांगितलं होतं, "आजोबा म्हणतात, ते झोपलेत." म्हणून आताही तिला गप्प राहा म्हणण्यात अर्थ नव्हता. म्हातारा चष्मा काढून पुसत बसला. बराच वेळ पुसत बसला.

मुलगा आला तेव्हा टेबलावर बाही एकच होती. दुसरी भिंगरीच्या मांडीवर होती, आणि धागे तोडायच्या कात्रीने तिचे चार तुकडे झाले होते.

"पप्पा, मी बाहुलीला कोट केला," ती म्हणाली. "आजोबांना माहीतच नाही. त्यांनी चांगली कापली होती."

मुलाने हात उगारला, मग आवरला, आणि तिला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. वडिलांकडे वळताना तो जरा ओशाळला होता. तसल्याच कापडाचा तुकडा दुकानात मिळतोय का बघतो, म्हणाला. मिळाला तर उजवी बाही बाबांनीच कापावी, त्यांच्या हाताची सफाई आपल्याला यायची नाही. आणि तो चपला शोधायला बाहेरच्या खोलीत गेला.

म्हातारा भिंतीशी गेला. हे तुला कोणी शिकवलं, असं त्याने हळूच विचारलं.

"कोणी नाही," ती कुजबुजली. "पप्पा इथे नव्हते ना? मग मी सांगितलं तेवढंच त्यांना माहीत."

म्हाताऱ्याच्या मनात आलं, हिला दटावावं की जवळ घ्यावं? काल-परवापर्यंत हिला वाटायचं, आपल्याला ठाऊक ते सगळ्या जगाला ठाऊक. एवढं शहाणपण हिला आलं कधी? आणि हे शहाणपणच म्हणायचं ना? उभा जन्म कापडात घालवलेला माणूस, आणि आज एवढ्याशा पोरीच्या आडोशाला उभा.

"अरे, थांब जरा," त्याने मुलाला हाक मारली.

"काय हो बाबा?" एका पायात चप्पल घातलेला मुलगा दारात आला.

भिंगरी भिंतीकडून वळली होती. ती आजोबांच्या तोंडाकडे बघत नव्हती, थेट डोळ्यांत बघत होती. आत काय चाललंय, ते तिला हुडकायचं होतं. म्हाताऱ्याला तरी ते कुठे सापडत होतं.