टाचण्यांची डबी

आयुष्यभर शिलाई मशीन मारून बाबांचा गुडघा कुरकुरायला लागला आणि त्यांनी चुंबकाच्या पट्ट्याचा हट्ट धरला. संशोधक लेकीने बाबांसकट साठ जणांवर रीतसर चाचणीच मांडली. निम्म्यांना चुंबकाचा पट्टा, निम्म्यांना तसाच दिसणारा रिकामा. कोणाला कुठला ते बंद पाकिटात. दर गुरुवारी ती शिलाईच्या दुकानात येऊन बाबांचं दुखणं वहीत टिपायची. आठ आठवड्यांत ते निम्म्यावर आलं. आज पाकीट उघडलं: दोन्ही पट्ट्यांचा गुण सारखाच, त्यात बाबांचा रिकामा. तिने ते बाबांना सांगितलं. बाबांनी पट्टा सोडून टाचण्यांच्या डबीवर धरला. एकही टाचणी हलली नाही. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." "मग बांधत कशाला राहिलात?" "नाहीतर तू दर गुरुवारी आली असतीस का?" हसू दाबत तिने पट्टा आधीच ओळखलेल्या बाबांना चाचणीतून वगळलं आणि वहीत पुढचा गुरुवार लिहिला.