जमिनीला लागायच्या आत

चेंडू कडेच्या रंगवलेल्या दगडांवरून पलीकडे गेला आणि मनीवान त्याच्यामागे धावली. सुदाला इतका आनंद झाला की तिने खेळ चालू असतानाच टाळी वाजवली.

तीन दिवस ती हेच शिकवत होती. तिच्या कॉलेजचा व्हॉलीबॉल संघ थायलंडहून मेकाँग ओलांडून या लाओ गावातल्या पोरांना खेळ शिकवायला आला होता. रेषेबाहेर गेला म्हणून चेंडू मरत नाही, ती सांगायची, जमिनीला लागायच्या आत गाठायचा. "लागला तर?" असं तिने विचारलं की पोरं एका सुरात ओरडायची, "मेला!" पोरं गुणी होती. पण चेंडू दगडांपलीकडे गेला की सगळी जागच्या जागी थांबायची. दोन जुने चेंडू तिकडच्या गवतात डोळ्यांदेखत कुजत पडले होते, आणि आणायला कुणी जाईल तर शपथ. काल सुदा सगळ्यांसमोर मनीवानला म्हणाली होती, "तुझे पाय काय भाताच्या चिखलात रुतलेत का गं?" पोरं खो खो हसली. दहा वर्षांची मनीवान तेवढी हसली नव्हती.

आज तिने दहा-बारा ढांगा टाकल्या आणि गुडघाभर गवतात चेंडू वरच्या वर झेलून छातीशी धरला.

"शाब्बास गं माझी वाघीण," सुदा म्हणाली. तिच्या एकटीचीच टाळी वाजत होती. मागे वळून पाहिलं तर सगळी पोरं होती तिथेच खाली बसली होती.

शाळेच्या ओसरीवर खामसिंग मास्तर न्याहारी करत होते. ते हातातला भाताचा गोळा तसाच घेऊन आले.

"मनीवान, हलू नकोस," ते म्हणाले. "श्वास घे, पण पाय हलवू नकोस."

सुदा दगडांकडे निघाली तसं त्यांनी तिचं मनगट धरलं. चांगलंच दुखलं.

"काय झालं, मास्तर?"

"त्या दगडांची पलीकडची बाजू कधी बघितलीत?"

"नाही. पांढरे दगड आहेत. मला वाटलं, मैदानाची हद्द आखलीय."

"इकडून पांढरे, तिकडून लाल. माझ्या आजोबांच्या वेळी विमानांनी बॉम्ब टाकले. फुटले ते फुटले, बाकीचे मातीत आहेत. पांढऱ्या बाजूची जमीन तपासून झालीय, लाल बाजूची राहिलीय." मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. "इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं हो. तुम्हाला सांगायला हवं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

पलीकडे मनीवानने फक्त मान वळवली.

"ताई," ती म्हणाली, "इथून लाल दिसतंय."

मास्तरांनी फोन लावला. बॉम्ब शोधणारे लोक शेजारच्या गावात होते. यायला पाऊण तास लागणार होता.

ऊन चढत गेलं. सुदा दगडांच्या अलीकडे गुडघ्यांवर बसली होती आणि तिची नजर मनीवानच्या हातांवरून हलत नव्हती. हात भरून आले होते. चेंडू घामाने निसटत होता आणि पोरगी तो पुन्हा पुन्हा वर सरकवत होती.

"पेरूएवढा असतो तो बॉम्ब," मास्तर सुदाच्या कानाशी म्हणाले. "चेंडू वरून पडला तरी पुरे. सांगा तिला. तीन दिवस ती तुमचंच ऐकतेय."

सुदाचा आवाज निघाला तो रोजचा मैदानावरचाच.

"मनीवान, माझ्याकडे बघ. चेंडू जमिनीला लागता कामा नये."

"हो, ताई." मग सवयीने, एकटीनेच, हळू आवाजात, "लागला तर मेला."

सुदाने हाताची मूठ तोंडात कोंबली. जरा वेळाने ती काढून म्हणाली, "आणि पाय रुतव. भाताच्या चिखलात रुतवतेस ना, तसे."

"काल तर तुम्हीच मला..."

"काल मी गाढवासारखं बोलले. चुकले मी. तू पाय रुतव."

मनीवानने मान डोलावली. सुदा मनातल्या मनात विनवण्या करत राहिली, बुद्धाच्या नव्हे, त्या पोरीच्या दोन कोपरांच्या. टिका गं, एवढा वेळ टिका.

गाडी आली. एक बाई उतरली, कानाला यंत्र लावून गवतात शिरली आणि मुंगीच्या चालीने सरकू लागली. सुदा तिचं प्रत्येक पाऊल मोजत होती. सातव्या पावलाला बाई थांबली, ओणवी झाली, पुन्हा ऐकलं. मनीवानच्या धावत्या पायाने जिथे गवत दबलं होतं, तिथून वीतभर डावीकडे तिने लाल काठी रोवली. मग पुढे गेली आणि पोरीला खांद्याला धरून आपल्याच पावलांवरून मागे घेऊन आली.

दगड ओलांडल्यावर मनीवान कुणाकडेही गेली नाही. ती सरळ सुदाकडे आली. तिची बोटं आखडली होती, सुदाला ती एकेक करून सोडवावी लागली.

"लागला नाही, ताई," ती म्हणाली.

सुदाने चेंडू घेतला. पोरं उठली, मनीवानला पाण्याकडे घेऊन गेली. सुदा तिथेच उभी राहिली.

"ठेवा आता तो खाली," मास्तर म्हणाले. "इकडची जमीन तपासलेली आहे."

सुदाने पायाखाली पाहिलं. तीन दिवस ती याच मातीवर उड्या मारत होती. तिने दोन्ही हातांनी चेंडू छातीशी आणखी घट्ट धरला.